गोल दुधी

ओल्या फडक्यात बांधलेल्या दहाच्या दहा बिया फुटल्या आणि मी त्या दुकानदाराला चांगला ठरवून टाकलं. तलवाड्याकडच्या आमच्या गल्लीत कोणत्या दुकानाचं बी घ्यायचं, हे बायका मला विचारून ठरवत. पाकिटावर नुसतं 'दुधी' छापलेलं होतं, वाणाचं नाव नव्हतं. मी तिकडं बघितलंच नाही. सात घरांत बिया वाटल्या.

फळं धरली ती गोल, घागरीसारखी. असेल एखादी जात, म्हटलं. एका सकाळी भाजीला फळ चिरलं आणि सवयीनं फोड जिभेवर ठेवली. कडूजहर! थुंकले, चुळा भरल्या, तरी कडवटपणा जाईना. कडू दुधीचा रस माणसाला मारू शकतो, हे मला ठाऊक होतं. आणि माझ्याकडचंच बी लावलेले मागच्या घरातले चाचा, गॅरेजातून निवृत्त झालेले, साखरेच्या आजारासाठी रोज उपाशीपोटी दुधीचा रस घेत.

मी अनवाणी पळाले. चाचा पायरीवर पोट धरून बसले होते.

"लई कडू होता बेटी, पर दवा कडूच असती म्हणून पिलो."

बोलता बोलता त्यांना उलटी झाली. उलटीत रक्त होतं. मुलानं रिक्षा आणली. चाचांना आत बसवताना चाचीनं मला विचारलं, "बी कुठलं होतं गं?"

सोबत जावंसं वाटत होतं, पण बी दिलेली अजून सहा घरं होती. दारोदार ओरडत फिरले, "दुधी खाऊ नका, चाखूसुद्धा नका!" एका घरी भाजी चुलीवर शिजत होती. मी विचारलंही नाही, कढई उचलून उकिरड्यावर पालथी केली. हात भाजले ते संध्याकाळी कळलं.

चाचा बीडच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी परतले. मी पाकीट घेऊन दुकानात गेले.

"उगवलं न्हाई का?" दुकानदारानं विचारलं.

"उगवलं. पण हा कडू भोपळा हाय."

"उगवलं ना? मग बी चांगलंच हाय की, बाई."

मीही तेवढंच बघितलं होतं.

आता वाणाचं नाव नसलेलं पाकीट मी घेत नाही. घेतलेलं आधी माझ्या परसात लावते. पान, फूल, फळ बघते, फोड चाखते.

यंदा चाची घोसाळ्याचं बी मागायला आली.

"अजून चाखलं न्हाई मी," म्हणाले.

"मग थांबते," म्हणाली आणि ओट्यावर बसली.