ऐंशीच्या खाली

सलग तिसऱ्या सोमवारी काटा ब्याण्णववरच थांबला. संदीप खाली उतरला, खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा चढला. ब्याण्णवच.

मी आहारतज्ज्ञ. मंडईजवळ बावीस वर्षं क्लिनिक चालवते. संदीप वाघोलीहून यायचा, तिथल्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. इतरांसारखं त्याला लग्नाआधी बारीक वगैरे व्हायचं नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सुनंदाताईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. संदीपची किडनी जुळत होती, पण डॉक्टरांची अट होती, आधी ऐंशीच्या खाली या.

मी त्याला सोळाशे कॅलरींचा प्लॅन दिला. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजायचं माप. शरीर जेवढी खर्च करतं त्यापेक्षा थोडी कमी घ्यायची, जोडीला रोज पाऊण तास भरभर चालायचं आणि खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं. एवढंच असतं हो ते. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. मग त्याने जिम लावली आणि काटा अडला.

असं होतं. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात. चरबी उतरत असते, वजनात दिसत नाही. हे मला पाठ होतं, सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण बाहेर पाच जण खोळंबले होते आणि माझी जीभ ही अशी. मी वही चाळली. दोन भाकऱ्या, वरण, मेथीची भाजी, काकडी. रोज इतकं शहाण्यासारखं कोण जेवतं? बावीस वर्षं लोक माझ्यापासून वडे आणि आइस्क्रीम लपवत आले आहेत.

"वही छान आहे हो," मी म्हणाले. "फक्त काट्याला वाचता येत नाही."

तो कसनुसा हसला आणि वही घेऊन गेला.

पुढच्या दोन सोमवारांत पाच किलो उतरले. मी खूश. मनावर घेतलं की होतं, असंही त्याला ऐकवलं. त्याचे गाल बसले होते, ते मला दिसले होते. वजन उतरल्यावर बसतातच, म्हणून मी पुढच्या पेशंटला बोलावलं. वहीत अजूनही दोन भाकऱ्याच होत्या. खरं तर, हे मला नंतर कळलं, तो एकच खात होता, दुपारचं जेवण सोडलं होतं आणि सकाळ-संध्याकाळ जिममध्ये घाम गाळत होता. कमी खाल्लेलं लपवणारा पेशंट मला तोवर भेटला नव्हता. म्हणजे भेटला असेल, मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तो जिममध्येच चक्कर येऊन पडला. लघवी काळ्या चहासारखी होत होती. उपाशी शरीराला इतकं राबवलं आणि त्यात पाणी कमी पडलं की स्नायू तुटतात आणि तो सगळा कचरा किडनीवर येतो.

आठ दिवसांत तो सावरला, पण डॉक्टरांनी किडनी घ्यायला नकार दिला. सहा महिन्यांनी तपासण्या करू, चांगल्या आल्या तर बघू, म्हणाले. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा सुनंदाताई त्याच्या कॉटशेजारी बसल्या होत्या. मी दोघांचीही माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "लहानपणापासून हा असाच आहे, मॅडम. कुणी खोटं पाडलं की जेवण सोडतो. मला एक फोन करायचा होतात."

पेशंटच्या घरी फोन करायची माझी पद्धतच नव्हती. लाज वाटली. आजही वाटते.

पाचव्या महिन्यात सुनंदाताईंना इन्फेक्शन झालं आणि त्या गेल्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर आठवड्याने संदीप क्लिनिकमध्ये आला. अपॉइंटमेंट नव्हती. चपला काढून तो सरळ काट्यावर उभा राहिला. एकोणऐंशी.

"ऐंशीच्या खाली बसलं ना, मॅडम?" त्याने विचारलं.

मी हो म्हणाले.

हल्ली प्रत्येक पेशंटला मी काय खाल्लं नाही, तेही विचारते. बहुतेक जण लगेच सांगतात.