आण्णांचे कान

आपण काहीही बोललो की आण्णा ते आपल्यालाच परत ऐकवायचे. विमानतळाबाहेरच्या गाड्यावर चहावाल्यानं विचारलं, दोन कट आणि एक बिनसाखरेचा ना, की आण्णा हात वर करून त्याला थांबवायचे आणि म्हणायचे, "दोन कट. एक बिनसाकरंचा. बराबर हाय?" तो बरोबर म्हणाला की मगच बाकड्यावर टेकायचे. तिथले रिक्षावाले त्यांची टिंगल करायचे, की आण्णा चहा सांगताहेत का विमान उतरवताहेत. आण्णाही हसायचे. हवाई दलात उभी नोकरी रेडिओ दुरुस्त करण्यात गेली, आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं हा तिथला नियमच. सवय लागली ती सुटत नाही, असं ते सांगायचे. आम्ही कुणी त्याचा जास्त विचार केला नाही.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका फौंड्रीवाल्या मालकांचं खाजगी विमान चालवत होतो. चार माणसांचं, एका इंजिनाचं, जीपगाडीएवढं. लायसनवाले इंजिनिअर पुण्याहून ठरल्या दिवशी यायचे, तपासणी करून सह्या ठोकून जायचे. रोजची देखभाल आण्णांकडे, आणि रेडिओ तर त्यांचाच. आण्णा मूळचे हुपरीचे. घरात चार पिढ्या पैंजण घडवण्याचं काम. चांदीच्या केसाएवढ्या कड्या जोडणारा हात त्यांच्याकडं घरातूनच आलेला होता, त्यामुळं त्यांनी तारेला सोल्डर केलं की जोड कुठं आहे ते शोधावं लागायचं.

छोट्या विमानाचा रेडिओ ही फार छळवादी वस्तू. तो एकदम मरत नाही, थोडा थोडा मरतो. इंजिनाच्या थरथरीनं तारेचा एखादा पदर तुटतो, जमिनीवर सगळं खणखणीत बोलतं, आणि वर गेल्यावर खरखर सुरू. वरच्या माणसाला कळतही नाही की आपलं बोलणं खाली पोचतंय की नाही. म्हणून आण्णांचा एक नियम होता. "वायर हलवून बघितल्याबिगर झाकाण लावायचं न्हाय." एकेक तार बोटानं हलवायची आणि खरखर येते का ते ऐकायचं. मालक खाली येऊन घड्याळ दाखवायला लागले तरी आण्णांचं बोट थांबायचं नाही.

एका दुपारी मी विमानात बसलो होतो आणि आण्णा हँगरच्या दारात हातातला छोटा सेट घेऊन उभे होते. मी बटण दाबून एक ते पाच आकडे म्हणायचे आणि आवाज पाचपैकी किती स्वच्छ आहे ते त्यांनी सांगायचं, अशी ती चाचणी. मी बटण दाबलं, आणि नेमका घशात ठसका आला म्हणून आकडे म्हणायच्या ऐवजी पाणी प्यायला लागलो. तोंडातून एक अक्षर काढलेलं नव्हतं. तेवढ्यात आण्णांचा आवाज आला, "पाच. एकदम क्लिअर." मी बाटली खाली ठेवली. इकडं बटण दाबलं की त्यांच्या सेटवर एक बारका दिवा लागायचा. आण्णा त्या दिव्याला पाचपैकी पाच मार्क देत होते.

मी उतरून त्यांच्या पाठीमागं गेलो आणि हाक मारली. वळले नाहीत. अजून मोठ्यानं मारली, तरी नाहीत. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ओठ बघून अंदाज घ्यायचे आणि तो बरोबर आहे का, हे परत म्हणून विचारून घ्यायचे. आम्ही गाढवासारखे त्याला शिस्त म्हणत होतो.

आण्णा हत्यारांच्या पेटीवर बसले. दोन वर्षं झाली म्हणाले. इंजिनांच्या आवाजानं आधी एक कान गेला, मग दुसरा. कानाला मशिन लावून बघितलं, नुसता गोंगाट. मग माझा हात धरून म्हणाले, "मालकास्नी सांगू नगंस. जलमभर ऐकायचंच काम केलंय मी. त्येच गेलं तर घरात बसून काय करू, सांग की."

मी सांगायला हवं होतं. यात शहाणपणाचं दुसरं उत्तर नाही. पण माझ्या बापाच्या वयाचा माणूस माझा हात धरून बसला होता. मी त्यांना म्हटलं, आजपासून मी तुमचे कान. तेव्हापासून ते तारा हलवायचे आणि मी हेडफोन लावून ऐकायचो. खरखर आली तर मान हलवायची, स्वच्छ असलं तर अंगठा दाखवायचा. अंगठा दिसल्याशिवाय ते झाकण लावायचे नाहीत. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. मला तर त्याचा अभिमान वाटायला लागला होता, लाज नाही वाटली.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी टॉवरनं आवाज तुटतोय अशी तक्रार केली होती. सकाळी आण्णांनी माइकची तार नव्यानं जोडली आणि हलवायला सुरुवात केली. मी हेडफोन लावून बसलो होतो तोच मालकांचा फोन आला. सोलापुरात त्यांच्या भाच्याचा साखरपुडा होता, मुहूर्त टळेल म्हणून ते कावले होते. मी हेडफोन एका कानावरून सरकवून तिथं फोन लावला. दुसऱ्या कानात रेडिओ होता, पण माझं चित्त मालकांच्या बोलण्यात. आण्णा तार बोटात धरून माझ्याकडं बघत होते. मी अंगठा दाखवला. ते क्षणभर तसेच बघत राहिले. मग त्यांनी झाकण लावलं.

जाताना काही झालं नाही. येताना मालक आणि मालकीणबाई मागं बसलेले, कोल्हापूर जवळ आलं, मी टॉवरला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. मग टॉवरवरच्या मुलीचा आवाज यायला लागला, ती मलाच हाका मारत होती. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि माझं काहीच तिच्यापर्यंत जात नव्हतं. मी ओरडायला लागलो. ओरडून उपयोग नसतो हे मला ठाऊक होतं, तरी ओरडलो. मागून मालकांनी काय झालं विचारलं. टॉवरवरची पोरगी हुशार. ऐकू येत असेल तर बटण दोनदा दाबा, म्हणाली. मी दाबलं. माइकची तार तुटली होती, बटणाची शाबूत होती, म्हणून तेवढी टकटक तिला पोचली. उतरायच्या बेतात आलेलं प्रवासी विमान तिनं माझ्यासाठी पुन्हा वर पाठवलं. ते माझ्या समोरून नाक वर करून गेलं, त्याच्या खिडक्या मला दिसल्या. मी उतरलो. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

चौकशीला दोन साहेब आले. मी लेखी जबाब दिला, की रेडिओची तपासणी तंत्रज्ञांनी केली व त्यानंतर झाकण बंद केले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच तो इतका हलकट जबाब होता. मग आण्णांना बोलावलं. मी शेजारच्या खुर्चीतच होतो. एका साहेबानं तोंडापुढं फाईल धरून प्रश्न विचारला. आण्णांना कळला नाही. त्यानं आवाज चढवला, तरी कळला नाही. आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि साहेबाच्या सगळं ध्यानात आलं. त्यानं कागदावर लिहून विचारलं, तार तपासताना आवाज कोण ऐकत होतं? आण्णांनी चष्मा लावून ते वाचलं.

"कोण न्हाय," ते म्हणाले. "मीच."

मी टेबलाकडं बघत बसलो. तोंड उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं. अहवालात आलं, की तंत्रज्ञानं बहिरेपण लपवलं आणि निष्काळजीपणा केला. मला समज देऊन सोडलं. आण्णा त्याच संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन हुपरीच्या एसटीत बसले. मी सोडायला गेलो नाही.

सहा महिन्यांनी धीर करून हुपरीला गेलो. दार आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उघडलं. आण्णा घराबाहेर पडत नाहीत म्हणाल्या. गावात कुणीतरी उठवलं होतं की यांनी विमान पाडलं, आणि येणारा जाणारा पावणाही तेच विचारायचा. आण्णा आतल्या खोलीत होते, वाळून गेलेले. बस म्हणाले, तुजी पोरगी कशी हाय विचारलं. मी वही घेतली आणि लिहिलं: त्या दिवशी मी ऐकत नव्हतो. फोनवर होतो.

त्यांनी वाचलं. "ठावं हाय. फोन दिसत हुता की मला."

मी लिहिलं, मग झाकण का लावलं? त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "तुझ्यावर शंका घिऊन कुठं जाऊ? मला दुसरं कोण हुतं ऐकाय?"

तरी लिहिलं, की मी चौकशीवाल्यांना खरं काय ते कळवतो, तुमच्या नावावरचा डाग काढतो. आक्का पाठीमागून वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "लिवा की तेवढं. लई जीवाला लावून घेतलंय त्येनी." आण्णांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग वही मिटली. "लायसन जाईल तुजं," ते म्हणाले. "पोरगी बारकी हाय. ऱ्हाऊ दे."

गेल्या पावसाळ्यात आण्णा गेले. मी मातीला गेलो होतो. परतताना आक्का दारापर्यंत आल्या आणि एवढंच विचारलं, "लिवलंसा का?"

मी मान हलवली, नाही म्हणून. मी अजून विमान चालवतो. आण्णा राहू दे म्हणाले, आणि मी राहू दिलं.