समितीनं चिक्की परत केली

दत्तू सुटला... पण ते किती महागात पडलं, ते आधी सांगतो. भाताची एक लावणी त्याच्याशिवाय झाली. त्याची मुलगी चालायला लागली ते त्याला दिसलं नाही, आणि परवा तो दारात उभा राहिला तेव्हा ती आजीच्या पदरामागे लपली... कुणीतरी परका आला म्हणून.

हे सगळं कशापायी? तर एक फुटेज फाईलमधून बाहेर काढायचं राहिलं म्हणून. राहिलं की ठेवलं, याची चौकशी चालू आहे, त्यामुळे इथे कुणाचं नाव घेत नाही.

लोणावळ्यात माझं केटरिंग आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. माझा टेम्पो वडिवळ्याचा दत्तू चालवतो. एका कारखान्यातून तांब्याची केबल चोरीला गेली आणि संशयावरून त्याला उचललं. पण चोरी झाली म्हणतात त्या वेळी हा पठ्ठ्या माझी पातेली घेऊन सोमाटण्याच्या टोलनाक्यावर रांगेत होता... आणि डोक्यावर कॅमेरा.

आमचे वकील प्रत्येक तारखेला फुटेज मागायचे. सरकारी वकील प्रत्येक तारखेला म्हणायचे, अजून मिळालेलं नाही, तपास चालू आहे, जामिनाला विरोध आहे.

लहानपणी मी स्टेशनजवळच्या टपरीवर कपबशा विसळायचो. गिऱ्हाईक हाक मारायच्या आधी त्याला काय हवंय ते ऐकायची सवय तेव्हाच लागली. एकदा कोर्टाबाहेर चहा घेत होतो, आणि पाठीमागे दोन हवालदार बोलत होते.

"फुटेज? ते तर कवाच दिलंय सरकारी वकिलांकडं."

"मग कोर्टात लावत का न्हाईत?"

"तुला काय करायचंय? तू बिस्किट खा."

माझा चहा तसाच राहिला...

आमचे वकील म्हणाले, चहाच्या टपरीवर ऐकलेलं कोर्टात चालत नाही. पण सरकारी वकील सरकारनं नेमलेला असतो, आणि सरकारला जाब विचारायला विधिमंडळ आहे. तिथली एक समिती लोकांचे अर्ज ऐकते, तिच्याकडे जाऊ. दत्तूची आई कोंडामावशी, तिच्या नावानं अर्ज तयार केला.

मी छाती फुगवून सांगितलं, "मावशी, निश्चिंत राहा. मंत्रालयात आपला माणूस आहे. एक फोन करतो, समितीला लोणावळ्यात आणून बसवतो." लगेच तिच्यासमोर फोन लावला. ते "बघू, बघू" म्हणाले. आणि खरोखरच काही दिवसांनी समितीची सुनावणी लोणावळ्याच्या विश्रामगृहात लागली! मग काय... कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

आता आपल्याकडे एवढी मोठी माणसं येणार म्हटल्यावर हात आखडता कसा घेणार? मटण, इंद्रायणीचा भात, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात चिक्कीचा डबा. लोणावळ्यातून पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर आपलीच लाज जाते. सकाळीच टेम्पो विश्रामगृहाच्या दारात लावला.

समितीचे एक अधिकारी आडवे आले. "हे कुणी मागवलं?"

"मागवायला कशाला पाहिजे साहेब? आपले पाहुणे..."

"अर्जदार तुमच्या कोण?"

"आमच्या ड्रायव्हरची आई."

"मग हे सगळं आत्ताच्या आत्ता परत न्या. आम्ही तुमचं जेवलो, तर उद्या तेवढंच बोललं जाईल आणि बाईंचा अर्ज बाजूला पडेल."

माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. पोराला सोडवायला निघालो आणि केसच बुडवत होतो की मी! मावशी मागून म्हणाली, "भाई, तुमी दत्तूला सोडवाया आलाय का जेवणावळ घालाया?" चिक्कीसकट टेम्पो मागे फिरला. समितीनं कॅन्टीनचे पोहे खाल्ले आणि त्याचे पैसे स्वतः दिले.

सुनावणीत अध्यक्षबाईंनी आधी मावशीला खुर्ची दिली. म्हणाल्या, "मावशी, एक आधीच सांगते. जामीन देणं आमच्या हातात नाही, कोर्टाच्या कामात आम्ही बोलू शकत नाही. आम्ही फक्त सरकारला विचारू शकतो."

"इचारा की मग," मावशी म्हणाली. "आजवर कुनी तेवडं बी केलं न्हाई."

बाई सरकारी वकिलांच्या खात्याच्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. फुटेज सरकारी वकिलांच्या फाईलमध्ये आहे का? ते म्हणाले, तपासून कळवतो. फाईल कुठे आहे? ...खाली गाडीत.

"मग गाडीपर्यंत जाऊन या. आम्ही बसलोय."

साहेब गेले, आले. म्हणाले, "आहे."

मावशी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मंजे माजा पोरगा तवा नाक्यावर हुता, ह्ये तुमास्नी ठावं हुतं?" अध्यक्षबाईंनी तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्यायला लावला.

चौकशी लागली, केस दुसऱ्या सरकारी वकिलांकडे गेली. या नव्या मॅडमनी पहिल्याच तारखेला फुटेज कोर्टापुढे ठेवलं आणि जामिनाला आमची हरकत नाही म्हणाल्या. केस अजून उभी आहे, पण दत्तू घरी आहे. मुलगी आता त्याच्या हातून भात खाते... आजी शेजारी बसलेली असली तर.

अध्यक्षबाईंचा मतदारसंघ लांबचा, त्यांना मत देऊन उपकार फेडायचीही सोय नाही. म्हणून इथेच हात जोडतो. त्यांना, त्या नव्या मॅडमना, आणि माझं मटण दारातून परत पाठवणाऱ्या त्या साहेबांना... तिघेही नेमून दिलेलं काम नीट करत होते, आणि तेवढ्यानं आमचं एक घर सावरलं.

काल मंत्रालयातल्या आपल्या माणसालाही आभाराचा फोन केला. "कसली समिती?" ते म्हणाले. मग मावशीकडून कळलं, कामशेतला एका कार्यक्रमाला आलेल्या आमदारांच्या हातात तिनं स्वतःच अर्ज दिला होता, आणि त्यांनीच तो समितीपुढे मांडला. आपले मंत्रालयातले गृहस्थ तर गेल्या दिवाळीतच रिटायर झालेत.