अकरा नंबरचा मोजा

कांचन माझ्या वॉर्डात आया होती. नवरा कारखान्यात वारला म्हणून कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली. मूळची उज्जैनची मराठी, आठवी शिकलेली, बोलायची अर्धं हिंदी. बेडपॅन देतानाही पेशंटची विचारपूस करायची आणि मला नेमका त्याचाच राग यायचा. मी इंचार्ज सिस्टर, पुण्यात शिकलेली. माझा तोरा विचारू नका.

वॉर्डात कामं कारखान्यासारखीच वाटून दिलेली होती. एकीने सगळ्यांचे ताप बघायचे, दुसरीने सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची, तिसरीने ड्रेसिंग करायचं. काम झटपट उरकायचं, पण अख्खा पेशंट कोणाच्याच वाट्याला येत नसे.

एकोणऐंशीच्या जानेवारीत अकरा नंबरच्या खाटेवर नरहर नावाचे फिटर आले. पाय मोडलेला, आदल्या संध्याकाळी प्लॅस्टर घातलेलं. प्लॅस्टर आवळलं की पायाची बोटं गार पडतात, बधिर होतात, म्हणून ती तासातासाला बघायची असतात. हे नर्सचं काम. पण त्या दिवशी मेट्रनचं इन्स्पेक्शन होतं आणि माझ्या सगळ्या मुली चादरी ताणण्यात गुंतल्या होत्या. मी चालता चालता कांचनला म्हटलं, "अकरा नंबरच्या पायाची बोटं तासातासाला बघत जा गं." त्यात काय बघायचं, हे सांगितलं नाही. दोन वाक्यं लागली असती.

दर तासाला ती येऊन सांगायची, "देखून आले, सिस्टर." मी मान डोलवायची. नरहरभाऊ ताप बघणाऱ्या मुलीला म्हणाले होते, बोटांना मुंग्या येताहेत. तिने तापाचा आकडा लिहिला आणि बारा नंबरकडे गेली.

दीड वाजता सर्जन राउंडला आले. त्यांनी पांघरूण बाजूला केलं तर बोटांवर लोकरीचा मोजा. कांचनचाच, ती घरून घालून आली होती तो. बोटं गार लागली म्हणून तिने तो त्यांना चढवला होता आणि नीट बसलाय ना, हे ती तासातासाला बघत होती. मोजा काढल्याबरोबर सर्जननी कटर मागवला. प्लॅस्टर तिथल्या तिथे कापलं. पाय वाचला, दोन बोटं गेली.

चौकशी झाली. मी लिहून दिलं की निरीक्षणाचं काम आयाला सोपवलं होतं आणि तिने बोटं गार असल्याचं कळवलं नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी किती हुशारीने लिहिलं होतं, याची मला आजही शरम वाटते. कांचनला धुलाईघरात पाठवलं. तिने खाली मान घालून सही केली आणि जाताना माझ्याच टेबलावरची फुलदाणी पुसून गेली.

पुढे मी वॉर्डची पद्धत बदलली. एका नर्सकडे सहा पेशंट, त्यांचं सगळं तिनेच बघायचं. आयाला काम सांगितलं तर काय बघायचं आणि केव्हा धावत यायचं, हेही सांगायचं. माझं कौतुक झालं. नव्या मुलींना मी हे सतरा वर्षं शिकवलं. धुलाईघर तिथून शंभर पावलांवर होतं आणि मी त्या बाजूने जायचं टाळत होते.

रिटायर झाल्यावर एका दुपारी टाउनशिपला लागून असलेल्या अवधपुरीत तिच्या घरी गेले. चहा व्हायच्या आतच सांगून टाकलं. "कांचन, चूक माझी होती. तुझ्यावर ढकलली मी."

तिने चहाखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, "सिस्टर, एक पूछू का? बोटांत बघायचं काय होतं?"

सतरा वर्षांत मी दीडेकशे मुलींना ते शिकवलं होतं.

"गार लागली की मला सांगायचं होतं," मी म्हटलं.

"बस, इतकंच?"

"इतकंच."

"गार तर मला पहिल्याच वेळी लागली होती," कांचन म्हणाली. "सुबह नऊ वाजता."