हाक मारायची न्हाई

घरी बसून शिकणं सोपं असतं म्हणणाऱ्या माणसाला मी एक दिवस आमच्या घरात आणून बसवणार आहे. पुढं किराणा दुकान, मागं घर, मधे एक पडदा. त्या पडद्यातून दिवसभर मला हाका. गिऱ्हाईक वाढलं की हाक, चहा हवा की हाक, शेंगदाण्याचं नवं पोतं सापडंना की हाक. पोतं समोरच असतं, पण माझ्या हाताशिवाय ते कुणाला दिसत नाही!

लेक अंबाजोगाईला शिकायला गेली आणि जाता जाता माझं नाव ऑनलाइन बी.ए.ला घालून गेली. लग्न झालं तेव्हा मी बारावी पास होते. पुढं शिकते म्हणाले, तर सगळे "शिक की" म्हणाले होते. त्यानंतर लेकरं झाली, दुकान वाढलं आणि ते "शिक की" तसंच हवेत राहिलं. म्हणून लेकीनं नाव घातलं तेव्हा मी वरून रागावले आणि आतून लई खूश झाले.

तास दुपारचा. मी फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायची. मॅडम अर्थशास्त्र शिकवायच्या आणि मधेच एकेकाचं नाव घ्यायच्या. ज्यानं उत्तर दिलं तो हजर, नाही दिलं तो गैरहजर. हजेरी कमी पडली की तोंडी परीक्षेला बसता येत नाही, आणि तोंडी बुडाली की वर्ष बुडालं. माझं नाव घेतलं की मी नेमकी दुकानात गूळ तोलत असायची. परत येऊन बघावं तर मॅडम पुढं गेलेल्या.

शेवटी मॅडमचा मेसेज आला की, ताई, असंच चाललं तर यंदा तुम्हाला बसता येणार नाही. माझ्या अंगाची लाही झाली. पडदा सारून मी दुकानातच उभी राहिले. म्हणाले, "एक तास मला कुणी बोलवू नका म्हणलं तर तुमच्या ध्यानात कावून ऱ्हात न्हाई?"

हे शांतपणे म्हणाले, "अगं, तू कुठं बाहेर गेलीस? घरीच तर हायस. फोनच तर बघायलीस."

झालं! हेच ते. लेक कॉलेजला गेली म्हणजे ती कॉलेजात आहे, हे सगळ्यांना कळतं. आई फोनपुढं बसली म्हणजे ती रिकामी आहे. मी घर डोक्यावर घेतलं. भांडी आपटली, जेवले नाही, आणि सोडून देते हे बी.ए., असंही म्हणून टाकलं.

आमच्यात सासूला मामी म्हणतात. मामी कोपऱ्यात डाळ निवडत सगळं ऐकत होत्या. मी थकून गप्प झाल्यावर म्हणाल्या, "आपल्या घरात हाक कुणाला मारत न्हाईत, सांग बरं."

आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "लिंगपूजेला बसलेल्याला."

खरंच की! मामी रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसतात. तेवढ्यात पाहुणा येवो, गिऱ्हाईक ओरडो, त्यांना हाक मारायची नाही. आमचं लग्न झाल्यापासून हा नेम मोडलेला मी पाहिला नाही. हेसुद्धा तेव्हा चपला वाजवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींनी मला पूजेच्या कोपऱ्यात पाट टाकून दिला. हातपाय धुऊन ये म्हणाल्या, कपाळाला भस्म लावलं, फोन चौरंगावर ठेवायला लावला आणि स्वतः उंबऱ्यात मांडी घालून बसल्या. पडद्यातून हाक आली तशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "पूजेत हाय ती."

"मामी, हे खोटं न्हाई का?" मी हळूच विचारलं.

"इद्या पूजा न्हाई तर काय हाय? बस गुमान."

आणि काय सांगू, हाका बंद झाल्या! ह्यांना शेंगदाण्याचं पोतं आपोआप सापडायला लागलं. मॅडमनी नाव घेतलं की मी "हजर" म्हणायची, तेही असं ठणकावून की एकदा मॅडम हसल्या. कोपरा तोच, वेळ तीच, त्यामुळं पाटावर बसलं की डोकंही आपोआप तिकडं वळायचं. ओट्याजवळ उभं राहून मला कधी काही समजलं नव्हतं.

पण मामींनी पूजा म्हटली म्हणजे ती अर्धी सोडणाऱ्यातल्या त्या नाहीत. तास संपला की म्हणायच्या, "पूजा झाली की परसाद वाटत्यात. तू काय वाटणार?" मग त्या दिवशी जे शिकले ते त्यांना सांगावं लागायचं. मी कणीक मळत सांगायची, त्या दर वाक्याला "कावून?" म्हणजे "का?" विचारायच्या. पहिल्या पहिल्यांदा मी चिडायची. नंतर कळलं की ज्या "कावून"चं उत्तर मला देता येत नाही, ते मला समजलेलंच नाही. मग तेवढाच धडा मी परत ऐकायची.

एकदा तर गंमतच झाली. मी पाटावर बसून मोठ्यानं पाठ करत होते, "मागणी वाढली, पुरवठा घटला, की भाव चढतो." शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं. पूजेत बसलेल्या बाईच्या तोंडून आलेलं, म्हणजे देवाचंच बोलणं! संध्याकाळी काकू आमच्याच दुकानातून तुरीची डाळ पोतंभर घेऊन गेल्या. मला कळल्यावर मी कपाळावर हात मारला. "काकू, आवो पुस्तकातलं हाय ते!" तर काकू म्हणतात, "असू दे बाई, देव बोलतो हे तू खरं सांगतीस का कुणाला?" हे मात्र आठवडाभर मला म्हणत होते, "आज साखरेचं पण म्हण की जरा."

हजेरी भरली. तोंडी परीक्षेचा दिवस आला. खोलीत दुसरं कुणी नको, मधे उठायचं नाही, उठलं तर परीक्षा तिथंच संपली, असा नियम. मामींनी दार ओढून घेतलं आणि बाहेर बसल्या.

मॅडमबरोबर एक अनोळखी सरही होते. पहिल्या प्रश्नाला मी अडखळले. मग मी मनात मामींना समोर बसवलं आणि त्यांना सांगितल्यासारखं सांगत गेले. सरांनी मधेच विचारलं, "का?" अरे देवा, ह्या "का"ची तर मला सवयच झालेली! मी सांगत सुटले. शेवटी सर म्हणाले, "ताई, तुम्ही समजून बोलताय." फोन बंद केला आणि मी पाटावरच टाळी वाजवली.

दार उघडलं. मामी भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा घामानं डबडबलेला. उजवा हात पदरात गुंडाळलेला. शेजारच्या काकू बाजूला रडकुंडीला आलेल्या. त्यांनीच सांगितलं, मागच्या दारावर भांडीवाला ओरडायला लागला, त्याला गप्प करायला मामी घाईनं उठल्या आणि ओल्या फरशीवर घसरल्या. मनगट सुजून टम्म झालं होतं. काकू मला बोलवायला निघाल्या, तर मामींनी धड असलेल्या हातानं त्यांचा पदर धरून ठेवला. दुकानातही कुणाला कळू दिलं नाही, कारण हे धावत आत आले असते.

मी ओरडलेच. "मामी, एवढं लागलं आन् मला हाक मारायची न्हाई व्हय? गेली असती परीक्षा तर गेली असती! पुढल्या साली दिली असती!"

"पुढल्या साली न्हाई देत कुणी," मामी म्हणाल्या. "मला शाळेत घातलतं. आवडायची बी. एक दिवस पाटीवर नाव काढत होते, दारातून आईची हाक आली, ये गं, बारका रडायलाय. म्हणलं, हे एवढं झालं की येते. मास्तर म्हणले, जा, उद्या काढ. गेले. त्या हाकेला उठले, ते मला परत शाळेत कुणी धाडलंच न्हाई."

मामींना अंगठा उठवताना मी कितीदा पाहिलं होतं, आणि हे एकदाही विचारलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि ढसाढसा रडले. त्या म्हणाल्या, "येडी का तू? पास व्हशील की आता." मग काकू ह्यांना बोलवायला पळाल्या आणि रिक्षा येईपर्यंत मी मामींचा हात मांडीवर धरून बसले.