पिलसून आजीचं तीन वर्षांचं मीठ

पिलसून आजी आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली ती कपड्यांची एक बॅग आणि मिठाच्या गोण्या घेऊन. कोरियातल्या मोकपो बंदरासमोरच्या बेटावर मिठागरात तिचं उभं आयुष्य गेलेलं. पाठ इतकी वाकलेली की लिफ्टमध्ये ती सगळ्यांच्या गुडघ्यांशीच बोलायची. बेटावरचं घर विकून पैसे मुलाच्या, दोहूनच्या, या फ्लॅटमध्ये घातलेले. आता हेच तिचं घर, दुसरं नाही.

"नवं मीठ कडू असतं गं," ती मला सांगायची. "गोणी अधांतरी ठेवायची, तीन वर्षं. कडू पाणी ठिबकून जातं. मग मीठ गोड लागतं."

"आणि सून?"

"ती पंधरा वर्षं झाली, अजून ठिबकतेय."

"ऐकू येतं हं, आई," तिची सून मिग्यंग ओट्याजवळून म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

फ्लॅटमध्ये गोण्या ठेवणार कुठे? मागच्या बाल्कनीत पाण्याच्या पाइपांचं कपाट होतं. ऊन नाही, वारा भरपूर. आजीने पाइपांच्या वर लाकडी पट्ट्या टाकून गोण्या चढवल्या. दर वर्षी बेटावरून नव्या गोण्या यायच्या, त्या ती दारोदार वाटायची आणि कुठे ठेवायच्या तेही दाखवायची. सोसायटीची अध्यक्षीण चो बाई तर सांगत सुटायची, "आजींच्या मिठाशिवाय माझी कोबीची किमची मुरतच नाही." थंडीच्या तोंडावर कोबी खारवायचे दिवस आले की आजी घरोघरी तोऱ्यात हिंडायची. प्रत्येक टबात बोट बुडवून चाखायची आणि नाक मुरडायची.

मग आमचं छत ठिबकायला लागलं. पाठोपाठ आणखी चार घरांचं.

प्लंबरने आजीच्या कपाटातल्या पाइपावरचं फोमचं वेष्टण सोललं. तपकिरी पाणी ओघळलं.

"हा स्टेनलेस ना?" चो बाई म्हणाली. "याला गंज चढत नाही म्हणे."

"पाण्याने नाही चढत. मिठाचं सोसत नाही त्याला. वरून खारं ठिबकलं, फोमने शोषलं, ते वर्षानुवर्षं पाइपाला बिलगून राहिलं. ही भोकं बघा, सुईने टोचल्यासारखी."

बाकीच्या घरांतही तेच निघालं. बिल्डरने हात वर केले. पाइप चांगले होते, म्हणाला, माणसांनी नासवले.

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं.

"मिठागरात कडू पाणी जमिनीत जायचं," ती म्हणाली. "पुढे कुठे जातं, ते कधी बघावंच लागलं नाही."

इथे खाली जमीन नव्हती. आमचं छत होतं.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणात आजी कुणाला हरली नसती. सकाळी तिच्या दारासमोर गोण्या रचलेल्या होत्या. सगळ्यात वर चो बाईची, अर्धी वापरलेली.

दोहून म्हणाला, "आई, थोडे दिवस वृद्धाश्रमात राहा. लोकांचा राग निवेपर्यंत."

"थोडे दिवस म्हणजे किती? मीठ गोड होईपर्यंत?"

तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला. मिग्यंगने बॅग भरली.

"तू तरी बोल काही," आजी तिला म्हणाली. "आजच कशी ठिबकायची थांबलीस?"

"गोळ्या बाहेरच्या कप्प्यात आहेत, आई."

आजी गेली. पाइप बदलले, छतं रंगवली. कोबीचे दिवस आले. मी मिग्यंगकडे बसले होते, तेव्हा चो बाई दारात आली. हातात वाडगा.

"आजींचं ते जुनं मीठ टाकून नाही ना दिलंस? बाजारचं अगदीच कडू गं."

मिग्यंगने आजीच्या खोलीचं दार उघडलं. पलंग काढलेला. गोण्या भिंतीशी ओळीने, पट्ट्यांवर, खाली प्लास्टिकचे टब. पाइपांपासून लांब. वाडगा शिगोशीग भरून तिने चो बाईला दिला.

"आजी कधी येणार?" मी विचारलं.

"फोनवर त्याही रोज तेच विचारतात." मिग्यंगने दार ओढून घेतलं. "पण आता खोली कुठाय?"