बर्डीतून गोल

सतरंजी माझी आहे, ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते सांगताना लोक नेमकी हीच गोष्ट गाळतात.

माझं बिछायत केंद्र होतं. मांडव, कनाती, गाद्या, खुर्च्या, लग्नाला लागेल ते सगळं. आता पोरं पाहतात. शाळा चौथीपर्यंत केली, पुढचं शिक्षण बांबू आणि सुतळीवर झालं आणि त्यात मी कोणाला हार जात नाही. दुकानातली एक लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी मी स्वतःसाठी ठेवून घेतली. माझी नात, मुलीची मुलगी, कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये खेळते. तिचा सामना असला की सतरंजी स्कूटरवर पायाशी उभी करून मी हुडकेश्वरहून निघतो आणि मैदानाच्या लाईनीजवळ, कडुनिंबाखाली अंथरतो.

तिच्यावर आम्ही तिघं बसतो. मी, माझे इवाई, म्हणजे व्याही, नातीचे दुसरे आजोबा, धरमपेठेतले, शाळेत हेडमास्तर होते, आणि सिटी बसचे एक रिटायर्ड कंडक्टर. कंडक्टरचं त्या टीममध्ये कोणीच नाही. घरी करमत नाही म्हणून येतात.

सतरंजीचा एक कायदा आहे, तोही मीच केलेला. ज्याचं बोलणं मैदानावर खोटं ठरलं, त्यानं पुढचा सामना सतरंजीच्या बाहेर मुरमावर बसून पाहायचा आणि तोंड उघडायचं नाही. इवाई बसले आहेत, कंडक्टर बसले आहेत. माझ्यावर ती पाळी आली नव्हती.

यंदा टीमला नवीन कोच आली. तिशीतली बाई, डोक्याला टोपी, आवाज खणखणीत. तिची रीत वेगळी. हल्ला कुठून करायचा हे ती नागपूरच्या वस्त्यांची नावं घेऊन ओरडते. "धरमपेठ!" म्हटलं की डावीकडून. "बर्डी!" म्हणजे भर बाजारपेठ, तेव्हा मधून, गर्दीतून, बारके बारके पास देत वाट काढत. आणि "हुडकेश्वर!" म्हणजे मागून एक जबरदस्त लाथ आणि बॉल थेट उजव्या टोकाला. त्या टोकाला माझी नात खेळते.

"हुडकेश्वर काहून इतकं लांब?" मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "आम्ही काय गावाबाहेर राह्यतो?"

"राह्यताच ना," इवाई म्हणाले. धरमपेठवाल्यांना चौकापलीकडचं सगळंच लांब.

पण नावाचा राग गेला आणि दुसराच आला. ही बाई हुडकेश्वर म्हणायलाच तयार नाही. सामनाभर आपलं बर्डी, बर्डी. पोरी मधल्या गर्दीत घुसायच्या आणि बॉल घालवून परत यायच्या. माझी नात उजवीकडे कंबरेवर हात ठेवून उभी.

"इवाई," मी म्हटलं, "शनिवारच्या संध्याकाळी बर्डीत गाडी घालणारा माणूस शहाणा असते काय? समजदार माणूस रिंग रोडनं जाते."

"रिंग रोडनं फिरत राहा तुम्ही. खरेदी बर्डीतच होते."

"कंडक्टर, तुम्ही बोला. तुम्ही तं बर्डीतूनच बस काढली."

"बस निघते," कंडक्टर म्हणाले, "पण घाम निघते."

यातून निकाल काय लागणार? शेवटी मीच उठलो आणि सामना संपल्यावर मॅडमजवळ गेलो.

"मॅडम, उजवीकडे एक पोट्टी मोकळी उभी राह्यते. तिले बॉल काहून देत नाही?"

"काका, ती तिथं उभी राह्यते म्हणून त्यांच्या दोन बॅक तिच्यापाशी अडकतात. मधली गर्दी तेवढी कमी होते."

"म्हणजे माझी नात काय मांडवाचा खांब आहे?"

"खांबाशिवाय मांडव उभा राह्यते का, काका?"

मांडवातलं मला कोणी शिकवावं! मी पाठ फिरवून परत आलो. नातीनं हे पाहिलं होतं. रात्री फोन आला. "आबाजी, मॅडमसंग वाद नका घालू. अन् लाईनीवरून ओरडूही नका. तुम्ही बिछायतीच्या पोट्ट्यांवर ओरडून राहिले असं वाटते मले."

तिला तो आवाज ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत ती दुकानावरच असायची. मी "ताण रे!" म्हटलं की मांडवाच्या दुसऱ्या टोकाचा गडी दोर ओढायचा, मधे बँड वाजत असला तरी.

सेमीफायनलच्या दिवशी सतरंजीवर पैज लागली. मी म्हटलं, गोल आला तर हुडकेश्वरकडूनच येईल, बर्डीतून येणार नाही. इवाई म्हणाले, बर्डीतूनच येईल. जो खोटा पडेल त्याला फायनलला मुरूम. कंडक्टर पंच झाले.

"अन् बोलणं बंद," इवाई म्हणाले. "तुम्हाले जमन काय, इवाई?"

"जमवाची पाळीच येणार नाही."

पहिल्या हाफमध्ये बर्डी, बर्डी आणि बर्डी. गोल नाही. समोरची टीमही नागपूरचीच, त्यांना नावं कळायला किती वेळ? मॅडमनं तोंड उघडलं की त्यांच्या पोरी आधीच तिथं हजर. हाफ टाईमला तर्री-पोहे आले, मी खाल्ले नाहीत. दुसरा हाफही सरत आला. आमच्या मागच्या पोरीच्या पायात बॉल होता आणि मॅडम बाटलीतून पाणी पीत होत्या. मॅडमचं तोंड भरलेलं, मैदान मोकळं. मला राहवलं नाही. मी सतरंजीवर उभा राहिलो.

"हुडकेश्वर!"

मांडवाचा आवाज तो. अख्ख्या मैदानात गेला. मागच्या पोरीनं मॅडमकडे पाहिलंच नाही, उजवीकडे लांब लाथ मारली. आमच्या पोरी उजवीकडे पळाल्या. समोरच्यांनाही नाव पाठ, त्यासुद्धा सगळ्या उजवीकडे, जशी जेवणाची हाक आल्यावर अख्खी वरात पंगतीकडे पळते.

एकटी माझी नात पळाली नाही. तिनं आवाज ओळखला होता. ती लाईन सोडून आत आली, मैदानाच्या मधे उभी राहिली आणि माझ्याकडे डोळे वटारून पाहू लागली.

बॉल उजव्या टोकाला पडला, तर तिथं नात नाही आणि आमच्या बाकीच्या पोरी अजून वाटेत. त्यांच्या बॅकनं घाबरून तो आला तसा मधे उडवला. तो नातीच्या पायाशी येऊन थांबला. समोर अख्खी बर्डी रिकामी, दुकानं बंद असल्यासारखी. डोळे वटारणं विसरून ती सरळ पळाली, आणि गोल.

मी नाचलो. कंडक्टर नाचले. इवाईंनी चष्मा काढून पुसला, नात त्यांचीही आहे. मग चष्मा घालून ते म्हणाले, "बर्डीतून आला."

"काय?"

"गोल बर्डीतून आला, इवाई. मधून. मुरूम तुमचा."

"अहो, बर्डी रिकामी कोणी केली? मी केली! हुडकेश्वर म्हटलं म्हणून गर्दी गेली ना तिकडे!"

"पैज गर्दीची नव्हती. गोल कुठून येईल याची होती."

दोघंही कंडक्टरकडे वळलो. त्यांनी डोळे मिटून विचार केला. "प्रवासी कोणत्या कारणानं बसला हे कंडक्टर पाह्यत नाही," ते म्हणाले. "कुठं उतरला ते पाह्यते. बर्डी."

तेवढ्यात रेफरी येऊन मला दम देऊन गेला, की आजोबा, पुन्हा आवाज आला तर गेटच्या बाहेर. सामना संपल्यावर मॅडम आल्या. मला वाटलं, आता यांचं ऐकावं लागणार. पण त्या रागावल्या नाहीत. मैदानाकडे पाहत म्हणाल्या, "काका, तुम्ही ओरडले तेव्हा ती नेमकी कुठं उभी होती?" मी बोटानं जागा दाखवली. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

मी चुकलो होतो असं मी आजही म्हणत नाही. पण कायदा माझा होता. फायनलला मी सतरंजी आणली, अंथरली, सुरकुत्या काढल्या आणि बाहेर मुरमावर जाऊन बसलो. मुरूम टोचतो. इवाई मधे माझ्या जागेवर मांडी घालून बसले आणि उगाच मला विचारत राहिले, "काय इवाई, हवा बरी आहे ना?"

दुसऱ्या हाफमध्ये मॅडम लाईनीवर आल्या, तोंडाला दोन्ही हात लावले आणि ओरडल्या, "बिछायत!"

मागच्या पोरीनं लांब लाथ मारली. सगळ्या पोरी उजवीकडे धावल्या, त्यांच्यामागे समोरच्या टीमच्याही. नात हळूच मधे येऊन उभी राहिली. या वेळी ती हसत होती.

"बिछायत?" इवाई गुडघ्यांवर उठले. "ही कोणती वस्ती? कंडक्टर, ही कोणत्या रूटवर आहे? इवाई, तुम्हाले माहीत आहे काय? सांगा ना गा!"

"कायदा आहे," कंडक्टर म्हणाले. "त्यांच्याशी बोलू नका."

बॉल एका डोक्याला लागून मधे आला. नात पळाली. मी ओठ घट्ट मिटून मुरमावर बसून राहिलो, हूं नाही की चूं नाही. हसू मात्र कानापर्यंत गेलं असेल. हसण्याबद्दल मी कायद्यात काही ठेवलं नव्हतं.